यजमान

राजेशम म्याकल आले तेव्हा दुपारचे दोन,
नवी पेठ शटर अर्धं ओढून पडलेली.
हातात टॉवेल, त्यांच्याच मागावर निघालेला शेवटचा,
टॉवेलात हार्ड डिस्क, वीट गुंडाळावी तशी.
"ह्यात माझा मोर आहे," म्हणाले.
"चादरीचा. अठ्ठ्याण्णवचा. बाहेर काढ."

चकती कुरकुरली, दोनदा बसली.
तिसऱ्या खेपेला, मी पुठ्ठ्याने वारा घालत असताना,
सगळं उतरून आलं: चारशे एमबी.
एवढ्यात हल्ली हळदीचा व्हिडिओसुद्धा मावत नाही.

मग माझ्या मशीनच्या पोटात मी आणखी एक मशीन मांडलं.
मेमरी बत्तीस एमबी, जास्त दिली तर बावरतं.
एक फ्लॉपी ड्राइव्ह, जो कुठंच नाही,
तरी उठल्या उठल्या ते बिचारं आधी तिथंच चाचपतं,
उशाचा चष्मा चाचपावा तसं.

"काय करालाय हे?"
म्हटलं, काका, बाहेरच्या मशीनला यजमान म्हणायचं,
आतलं ते पाहुणं.
पाहुण्याला कळू द्यायचं नाही.
ते विचारतं, पडदा केवढा? आपण म्हणायचं, चौदा इंची.
विचारतं, प्रिंटर आहे ना? आहे की.
विचारतं, आज तारीख काय?

इथंच अडलं. डिझाइनच्या प्रोग्रामची मुदत
मार्च नव्याण्णवला संपलेली.
मी घड्याळ मागं घेतलं: बारा नोव्हेंबर अठ्ठ्याण्णव.
ते निमूट उघडलं.

मोर आला. चौकोनाला चौकोन लावून बसवलेला,
पिसाऱ्यात राणी रंग, पायाशी मेंदी.
"इदे," म्हणाले, "इदे," आणि मग माझ्यासाठी, "हेच."
नखाने काचेवर मोजू लागले:
भोक, भोक, सोड, भोक,
जसं पंचिंगवाल्या किष्टय्याला वाचून दाखवायचे
आणि तो पुठ्ठ्यावर ठोकत जायचा.
माग भंगारात गेले, किलोवर.
पुठ्ठे बंबात गेले.
आकडे मात्र तोंडात होते, एकही चुकला नाही.

वीज गेली. यूपीएस ओरडू लागला.
मी पाहुण्याला होता तसा गोठवून ठेवला,
मोराची मान अर्धी वळलेली.
अंधारात ते आपसूक बोलले:

"आमच्या घरी असंच चाललंय.
बालामणी चार वाजता उठून बसते.
भोंगा झाला का, विचारते.
गिरणी गेली, चिमणी पाडली, कसला भोंगा.
मी म्हणतो, व्हायचाय अजून, पड जरा.
रिकामं सूप मांडीवर घेते, हजार झाल्या का म्हणते,
मी मोजतो. झाल्या म्हणतो. नऊशे म्हटलं तर रुसते.
पोरगा म्हणाला, खरं सांगा आईला.
सांगितलं एकदा. रात्रभर रडली.
सकाळी परत विचारलं, भोंगा झाला का."

थोडा वेळ नुसता यूपीएस.
"म्हणजे मीबी यजमानच की रे,"
असं म्हणून ते हसले. त्यांच्या लक्षात आलं होतं
की तो शब्द ती त्यांच्यासाठी रोजच वापरायची,
विडी कारखान्यात, हजेरीवर, नाव न घेता.

मी काही बोललो नाही.
वीज आली तेव्हा माझा माउस आत अडकलेला.
बाहेर यायला उजवीकडचं कंट्रोल दाबावं लागतं,
ते मला पटकन सापडेना.

मोर पेन ड्राइव्हवर दिला. हार्ड डिस्क पुन्हा टॉवेलात.
उठताना म्हणाले, आतल्याला बंद नको करू,
गुरुवारी येतो, दुकानाला सुट्टी नाही ना?
दोनशे रुपये मोजून ठेवले.
पावतीवर मी तारीख घातली.
बारा अकरा लिहून झाल्यावर दिसलं,
बाहेर तर मे महिना होता,
चव्वेचाळीस डिग्री.
फाडून दुसरी करतो म्हटलं,
तर ते म्हणाले, "असू दे, हीच दे."